महाजन हयात आहेत का

पत्र बुधवारी आलं, आणि तेही नेमकं पोंक खाताना. जानेवारीत आमच्या स्टाफरूममध्ये कोणी ना कोणी पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, आणतंच. त्या दिवशी केमिस्ट्रीच्या बेननी आणला होता, वर लिंबूमिऱ्याची शेव. मी तोंडात बकाणा भरलेला असताना आमच्या प्राणिशास्त्र विभागाचा शिपाई भूपेंद्र दारातूनच म्हणाला, ‘‘अरुणाबेन, तमारो कागळ. फॉरेननो.’’ सगळ्यांच्या माना वळल्या. परदेशी पाकिटं सुरतेत नवलाची नाहीत, हिरेवाल्यांकडे रोज येतात. पण मासे कापायला शिकवणाऱ्या बाईला कोण पत्र लिहिणार? पाकिटावर बर्फाच्या डोंगराचं तिकीट आणि डाव्या कोपऱ्यात ‘डॉ. तेजस्विनी सोनवणे’. मला ते ‘डॉ.’ आधी दिसलं, नाव मागाहून. केमिस्ट्रीच्या बेन म्हणाल्या, तमारी स्टुडंट ने, केटली आगळ नीकळी गई. मी हो हो, फार पुढे गेली असं म्हटलं, हसले, पाकीट पर्समध्ये टाकलं आणि पोंकाची बशी पुढे सरकवली.

तेजस्विनी माझी विद्यार्थिनी, हे मी दहा वर्षं सगळ्यांना सांगत आले आहे, आणि सांगताना दर वेळी माझा आवाज किंचित वर चढतो. तिचे वडील भिकन सोनवणे उधन्याला लूमवर, घर कोसाडला, दोन बस बदलून पोरगी कॉलेजात यायची. घरी अहिराणी, बाहेर गुजराती, आणि मराठीच्या नावानं आनंद. पहिल्या प्रॅक्टिकलला ट्रेमधल्या माशाकडे बघून म्हणाली होती, मॅडम, हाऊ मासा मरी गया का. मी सगळ्या वर्गासमोर तिला ‘मेला का’ असं तीनदा म्हणायला लावलं. मीही सावद्याची, केळीच्या बागांमधली, माझ्या आईच्या तोंडी काय पुण्याची भाषा होती? पण तेव्हा मला ते सुचलं नाही, किंवा सुचलं म्हणूनच लावलं. माशाच्या शेपटीतून रक्त कसं काढायचं ते तिला मीच शिकवलं. पोटाच्या बाजूनं, सुई कण्याला टेकेपर्यंत सरळ घालायची, मग केसभर मागे घ्यायची आणि श्वास रोखून दट्ट्या ओढायचा. बाकीच्या मुली महिनाभर माशांची चाळण करत बसल्या, हिला दुसऱ्याच दिवशी जमलं. मी म्हटलं, छान. आणि घरी जाऊन सुधाकरशी उगीच भांडले.

सुधाकर म्हणजे माझे मिस्टर. बँकेत आहेत, सध्या पलसाण्याच्या शाखेत. माणूस सरळ. माझ्या भांडणाला कारण लागत नाही हे त्यांनी केव्हाच मान्य केलं आहे, त्यामुळे ते विचारत नाहीत. पुढे तेजस्विनीला पुण्याला प्रवेश हवा होता तेव्हा शिफारसपत्र मी दिलं. त्यात लिहिलं, हार्डवर्किंग अँड सिन्सिअर. आमच्या धंद्यात याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल: डोकं बेताचं आहे, पण सांगाल तेवढं करील. खरं म्हणजे तिच्याइतकं तल्लख डोकं मी वर्गात पाहिलं नव्हतं, म्हणून तर हात तसा वळला. पुण्यावर भागलं नाही, ती नॉर्वेला गेली. बातमी आली त्या दिवशी मी स्वतःच्या हातानं स्टाफला पेढे वाटले, आणि एकेक पेढा देताना मनात म्हणत होते, थंडीनं परत येईल, लग्न ठरून परत येईल, नाहीतर आईबाप आजारी पडतील. अशी मी आहे. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा आधी बघते, शेजारचीला काय दिलंय.

पत्र शेवटी घरी उघडलं, दुपारी, जेवणं आटोपल्यावर. मराठीत होतं, आणि शुद्ध. एक ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं नाही, मी शोधलं. आदरणीय मॅडम, इथे दोन महिने सूर्य उगवत नाही, वगैरे. मग कामाचं. तिचं काम कॉडवर, समुद्राच्या गार पाण्यातला मासा. आपल्या तापीतल्या रोहूला एखादा जंतू टोचला की दोन-तीन आठवड्यांत त्याच्या रक्तात त्या जंतूविरुद्धची खास प्रथिनं तयार होतात. मासा शिकतो म्हणायचं. कॉडला टोचलं तरी तो धड शिकत नाही. आणि तरी मरत नाही. का मरत नाही, हे शोधायला ती त्या प्रथिनांच्या साखळ्या मणी मणी मोजून वाचते, उबेतल्या माशांच्या साखळ्यांशेजारी ठेवून बघते की थंडीनं कुठला मणी बदलला, कुठला कायम ठेवला. तिचं म्हणणं असं की गारठ्यात शिकायला फार वेळ लागतो, तेवढ्यात रोग गिळून टाकील. म्हणून या माशांच्या कुळानं लाखो वर्षांत दुसरी सोय करून घेतली, काही प्रथिनं जन्मापासूनच अंगात तयार ठेवली, शिकण्याची वाटच बघायची नाही. इथवर मी परीक्षेचा पेपर तपासावा तशी वाचत आले. पुढे तिनं लिहिलं होतं, ही कल्पना माझी नाही. १९७७ साली बडोद्याच्या एका बुलेटिनात कोणा एम. के. महाजन यांचा पाच पानी लेख आला होता, कुमाऊंच्या ओढ्यातल्या असला नावाच्या माशावर. लंडनहून झेरॉक्स मागवली, ती सोबत जोडते आहे. ‘मॅडम, या माणसानं वीस वर्षांपूर्वी हाती काही साधन नसताना हे बघून ठेवलं. असं कोणी आपल्या कॉलेजात असतं तर आम्हां मुलांचं केवढं भलं झालं असतं.’

हे वाक्य मी तीनदा वाचलं. तिच्या मनात काही नसणार, पोरगी सरळ आहे; पण सरळ माणसाची सुई बरोबर कण्यापर्यंत जाते. पुढे तिची विनंती होती. महाजनांनी टोचल्यावर सहा आठवड्यांनी रक्त तपासून लेख संपवला आहे. थंडीत मासा उशिरा, बारा आठवड्यांनीही शिकू शकतो. महाजनांनी बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त काढलं होतं का? काढलं असेल आणि तेव्हाही काही सापडलं नसेल, तर हा शोध त्यांचा, मग तिच्या लेखावर त्यांचं नाव तिच्या आधी घालायचं. काढलं नसेल तर त्यांचं शेवटचं वाक्य नुसता अंदाज ठरतो, तसं लिहावं लागेल. ‘महाजन हयात आहेत का? असले तर पासष्टीच्या पुढे असतील. तुम्ही बडोद्याला शिकलात, तुम्हांला त्यांचा पत्ता लागू शकेल. मी रविवारी तुमच्या अकरा वाजता घरी फोन करीन.’

तर एम. के. महाजन म्हणजे मी. मालती काशिनाथ महाजन. वय पंचेचाळीस, पासष्ट नव्हे.

तिला ते कळायला मार्ग नव्हता, आणि दोष द्यायचा तर कुणाला द्यायचा? आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव जातं, बापाचं नाव जातं, आणि स्वतःचं नावही जातं. ताटात तांदूळ पसरतात, नवरामुलगा अंगठीनं त्यात नवं नाव काढतो, बायका वाकून वाचतात आणि छान आहे म्हणतात. सुधाकरनी ‘अरुणा’ काढलं. सुंदर अक्षर आहे त्यांचं. मीसुद्धा वाकून वाचलं आणि मला ते आवडलंही होतं, उगाच आता रडायचं कशाला. मग गॅझेट झालं, रेशनकार्ड झालं, सुरतेला नोकरी लागली ती अरुणा सुधाकर पाटील म्हणूनच. मालती म्हणणारे वडील होते, ते गेले. सुधाकरच्या तोंडी ते नाव कधी आलंच नाही. आई शेवटी शेवटी जावयाच्या धाकानं अरुणाच म्हणायची.

त्या आधीचा हिवाळा मी कुमाऊंमध्ये काढला होता. पंच्याहत्तरचा डिसेंबर. बडोद्याच्या माझ्या सरांनी मिळवून दिलेली शिष्यवृत्ती होती, आणि सावद्याच्या मुलीला एकटीला तिकडे पाठवायला वडील तयार झाले हेच अजून मला खरं वाटत नाही. ओढ्याकाठी मत्स्यबीज केंद्राच्या दोन दगडी खोल्या, पाण्याच्या सहा टाक्या, थंडीनं लाल सुजलेली बोटं, चिलब्लेन्स म्हणतात ते. माशांना मेंढीच्या रक्तातल्या लाल पेशी टोचायच्या, सहा आठवड्यांनी त्यांचं रक्त काढून त्यातलं निवळ पाणी ओळीनं नळ्यांमध्ये पातळ करत जायचं, त्यात पुन्हा त्याच पेशी सोडायच्या. नळीच्या तळाशी लाल टिकली जमली की समजायचं, काही नाही. लाली तळभर पसरली की मासा शिकला. माझ्या नळ्यांमध्ये पहिल्या तीन-चार पसरायच्या आणि पुढे टिकल्याच टिकल्या. गंमत अशी की ज्यांना काहीच टोचलं नव्हतं त्या माशांच्या नळ्याही अगदी तशाच. आणि त्या हिवाळ्यात टाक्यांमध्ये अंगावर फोड यायचा रोग आला, तर माझे सगळे मासे जगले, टोचलेले आणि न टोचलेले. मी कंदिलाची वात वर करून त्या नळ्या बघत होते आणि मला एकदम कळलं की यांना शिकायची गरजच नाही, हे येतानाच घेऊन आलेत. एवढा आनंद मला पुढे कशानंच झाला नाही. मुलगा झाला तेव्हाही नाही, हे मी कुणाला सांगत नाही.

बारा आठवड्यांचं रक्त मार्चमध्ये काढायचं होतं. फेब्रुवारीत वडिलांची तार आली, पाहुणे बघायला येत आहेत, निघून ये. मी आठ दिवसांसाठी म्हणून निघाले. टाक्यांचं दाणापाणी चौकीदाराला समजावून सांगितलं, नळ्या धुऊन उपड्या घातल्या, आणि मेमध्ये लग्न झालं. कुणी अडवलं नाही, डांबून ठेवलं नाही, अशी काही गोष्ट नाही ती. सुधाकर म्हणाले असते जा, तर गेले असते. मी विचारलं नाही, त्यांना सुचलं नाही. सरांनी होतं तेवढ्यावर लेख लिहून घेतला, मोठ्या मनानं माझं एकटीचं नाव घातलं. छापून आलेला अंक सावद्याच्या पत्त्यावर आला. तो मी ट्रंकेत ठेवला आणि तिथे त्याला वाळवी लागली.

आता झेरॉक्स समोर होती आणि मी वीस वर्षांनी तो लेख पहिल्यांदा धड वाचत होते. वाचताना हात आपोआप लाल पेनाकडे गेला. सवय. एका ठिकाणी ‘द’ राहिला होता, तो घातला. माशाच्या शास्त्रीय नावात एक अक्षर चुकलेलं, त्याला गोल केला. मग काही मिळेना. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, हावरटासारखं, कुठे चुकते आहे का बघत, कुठे भाबडेपणा, कुठे उचलेगिरी. नव्हती. छोटी छोटी वाक्यं, जेवढं पाहिलं तेवढंच, आणि शेवटी एकच पाऊल पुढे: थंड पाण्यातला मासा शिकत नसावा, जे लागतं ते त्याच्या पूर्वजांनी आधीच शिकून ठेवलं असावं. मला असं वाक्य आज लिहिता येणार नाही. मी गेली अठरा वर्षं वर्गात नोट्स सांगते, त्याच पिवळ्या वहीतून. ही तेवीस वर्षांची मुलगी, चिलब्लेन्सची बोटं घेऊन, कुणाला न विचारता असं लिहून मोकळी होते म्हणजे काय? तिला कुणी हा अधिकार दिला? तेजस्विनीचा हेवा करत करत मी त्या पानांशी बसले होते, आणि बघते तर तो हेवा तिच्यावरून घसरून भलतीकडेच गेला होता. मला त्या महाजनचा राग आला. अगदी सवतीचा यावा तसा.

गुरुवार, शुक्रवार असेच गेले. सांगायचं काय यात अवघड होतं? फोन आला की म्हणायचं, अगं वेडे, महाजन म्हणजे मीच. केमिस्ट्रीच्या बेननाही सांगायचं, प्रिन्सिपॉलना सांगायचं, पुन्हा पेढे. तेजस्विनी तिकडे किंचाळली असती. पण त्याच्या पुढचा प्रश्न मला ऐकू येत होता. ती लगेच विचारणार नाही, लाजेल. पण फोन ठेवल्यावर तिच्या मनात येणारच, की मॅडम, मग तुम्ही थांबलात का? एवढं डोकं असताना आम्हांला त्या पिवळ्या वहीतलं का सांगत बसलात? तार आली हे उत्तर नाही. तिच्याही घरी तार आली असेल, भिकन सोनवणेंनीही स्थळं पाहिली असतील, आणि ती गेली. आज ती मला एक बेताची, बरी बाई समजते, सुई धरायला शिकवणारी. खरं कळलं तर मी बेताची राहणार नाही, वाया गेलेली ठरेन. बेताची परवडली.

आणि न सांगावं तरी पंचाईत. महाजन सापडले नाहीत म्हटलं तर ती दुसरीकडे विचारणार, सरांच्या कुणा जुन्या विद्यार्थ्याकडून कळणार. तिसरी एक वाट होती, ती मला शुक्रवारी प्रॅक्टिकल घेताना सुचली आणि सुचल्याबरोबर कानशिलं तापली. बारा आठवड्यांनी रक्त काढलं होतं असं सांगायचं, आणि मासे तेव्हा शिकले होते, नळ्या पार शेवटपर्यंत पसरल्या होत्या, असं सांगायचं. महाजनांनी ते लपवलं. एका वाक्यात दोघींचा निकाल. तिची साखळीही तुटेल आणि त्या शहाणीचं शेवटचं वाक्यही. कोण पडताळणार? मी मुलांसमोर मांगूर माशाच्या शेपटीत सुई घातली, कण्याला टेकवली, केसभर मागे घेतली. रक्त आलं. हात अजून चांगला आहे. मुलं वाहवा म्हणाली आणि मला स्वतःची शिसारी आली.

शनिवारी मी सुधाकरना सांगायचं ठरवलं. चहाच्या वेळी बसलेसुद्धा समोर. म्हटलं, तेजस्विनीचं पत्र आलंय. ते म्हणाले, वा, पोरीनं नाव काढलं. मग पलसाण्याच्या रस्त्यावर रंगाच्या कारखान्यांचं पाणी कसं लाल वाहत होतं, स्कूटर कशी घसरली असती, ते सांगू लागले. मी ऐकून घेतलं आणि मेथी निवडत बसले.

रविवारी अकराला पाच मिनिटं असताना मी फोनपाशी जाऊन स्टूल ओढून बसले. सुधाकर आरामखुर्चीत पेपर वाचत होते. माझ्याजवळ तीन उत्तरं होती आणि मी एकही निवडलं नव्हतं. घंटी झाली. लांबचा फोन, आधी खरखर, मग तिचा आवाज, आणि प्रत्येक वाक्यानंतर ती मधली पोकळी, आपलंच बोलणं परत येतंय की काय असं वाटायला लावणारी. तब्येत विचारली, सरांची विचारली, म्हणजे सुधाकरची. मग म्हणाली, ‘‘मॅडम, महाजनांचा काही पत्ता लागला का?’’

‘‘त्या गेल्या,’’ मी म्हटलं.

हे चौथंच उत्तर होतं. कुठून आलं, कुणास ठाऊक.

ती हळूच म्हणाली, ‘‘बाई होत्या?’’

‘‘हो.’’

‘‘कधी गेल्या?’’

‘‘शहात्तरच्या मेमध्ये.’’

‘‘म्हणजे लेख छापलेला त्यांनी पाहिलासुद्धा नाही,’’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. मग तिनं बारा आठवड्यांच्या रक्ताचं विचारलं. इथे मला खोटं बोलता आलं असतं, जिभेवर होतं. पण नळ्या डोळ्यांपुढे आल्या, त्या लाल टिकल्या. तिथे मला खोटं बोलवेना. मी सांगितलं की नाही काढलं, तेवढा वेळ नव्हता, शेवटचं वाक्य अंदाजच आहे, तसंच लिही. ती म्हणाली, अंदाज बरोबर होता मॅडम, मी चार वर्षं घालवली तेव्हा मला कळलं, त्यांना एका हिवाळ्यात कळलं होतं. हेही मी ऐकून घेतलं. वाटलं, आता दुःख होईल, पण नव्हतं ते. नेहमीचीच जळजळ होती. वीस वर्षांपूर्वी गेलेली बाई, आणि माझी विद्यार्थिनी तिच्यासाठी रडते आहे. माझ्यासाठी कोणी रडलं नाही कधी. मी हयात आहे ना.

‘‘मी हा लेख त्यांच्या स्मृतीला अर्पण करते,’’ तेजस्विनी म्हणाली. ‘‘तुम्हांला त्यांचं पूर्ण नाव माहीत आहे का?’’

सांगावं लागलं. ‘‘मालती,’’ मी म्हटलं. खरखरीत तिला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हटलं, ‘‘मालती काशिनाथ महाजन.’’ तिनं इंग्रजी स्पेलिंग घालून घेतलं, एकेक अक्षर परत म्हणून दाखवलं. बरोबर आहे, मी म्हटलं. मग लाइन गेली.

मी रिसीव्हर ठेवला. सुधाकरनी पेपर खाली केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर साधं कुतूहल होतं, दुसरं काही नव्हतं. मी निरखून पाहिलं.

‘‘कोण गं ही मालती?’’

‘‘होती एक,’’ मी म्हटलं. ‘‘फार शहाणी समजायची स्वतःला.’’